सहवीजनिर्मितीचं अनुदान मेगावॉटवर नको, वाचलेल्या वाफेवर द्या
(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

वाफेचा हिशोब:
साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांना (एकाच इंधनातून वाफ आणि वीज दोन्ही) सरकारी मदत अनेक वाटांनी मिळत आली. केंद्राच्या २०१८ च्या योजनेत बगॅसवरच्या (ऊस गाळून उरलेल्या चोथ्यावरच्या) प्रकल्पाला मेगावॉटमागे २५ लाख रुपये होते. साखर विकास निधीतून सवलतीच्या व्याजाचं कर्ज होतं. सहकारी कारखान्यांना राज्याचं भागभांडवल मिळायचं. मार्च २०२४ मध्ये राज्याने युनिटमागे दीड रुपया अनुदान मंजूर केलं, एका वर्षासाठी आणि अनुदान धरून युनिटचा दर सहा रुपयांच्या वर जाणार नाही या मर्यादेत. या सगळ्यात मोजलं काय जातं? मेगावॉट किंवा युनिट. एक टन ऊस गाळून साखर करायला वाफ किती लागली, हे कुणी विचारत नाही.

दिवसाला ५००० टन गाळपाचा कारखाना घ्या. दिवसाचे २२ तास धरले तर तासाला २२७ टन ऊस. प्रक्रियेला उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागत असेल तर तासाला ११३ टन, ४० टक्क्यांवर आणली तर ९१ टन. मधली साडेबावीस टन वाफ म्हणजे तासाला जवळपास १० टन बगॅस, दिवसाला २१५ ते २२० टन. बगॅस वाचवायचं नसेल तर तीच वाफ टर्बाइनमधून कंडेन्सरपर्यंत (वाफेचं पाणी करणाऱ्या यंत्रापर्यंत) नेऊन सव्वादोन मेगावॉट जास्त मिळतात, तेही नवा बॉयलर न लावता.

यासाठी लागणारी यंत्रं सगळ्यांना माहीत आहेत. फॉलिंग फिल्म बाष्पीभवन, पाच बॉडींचा (रस आटवायच्या भांड्यांचा) संच, रस तापवायला आणि पॅनला दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीची वाफ, कन्टिन्युअस पॅन (साखरेचे दाणे पाडायचं भांडं), कंडेन्सेटची (वाफेचं झालेल्या पाण्याची) फ्लॅश वाफ परत घेणं, मिलच्या जुन्या टर्बाइन काढून एसी ड्राइव्ह. पण मेगावॉटमागे पैसे मिळतात म्हटल्यावर कारखाना आधी मोठा बॉयलर आणि मोठी टर्बाइन घेतो आणि बॉयलिंग हाऊस (रस आटवून साखर करायचा विभाग) तसंच राहतं. माझं म्हणणं एवढंच: अनुदान उसावरच्या वाफेच्या टक्केवारीला बांधा.

ताळेबंद:
कागदावर छान आहे, पण प्रकल्प कागदावर उभा राहत नाही. सहकारी कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची बांधणी बघा: ५ टक्के कारखान्याचे, ५ टक्के राज्याचं भागभांडवल, ३० टक्के साखर विकास निधी, ६० टक्के बँक. बँक त्या ६० टक्क्यांना हात लावते ती वीज खरेदी करार बघून. १३ वर्षांचा करार आणि ठरलेला दर असला की वसुली दिसते. "वाफ ५० वरून ४० वर आणू" या वाक्यावर कोणती बँक कर्ज देईल? वाचलेलं बगॅस विकायचं म्हटलं तर त्याचा भाव दर हंगामात वेगळा.

आणि प्रकल्पाचा अहवाल १६० दिवसांचा हंगाम धरून केलेला असतो. ऊस कमी पडला आणि हंगाम १०० दिवसांत आटोपला तर हप्ता तेवढाच राहतो, युनिटं मात्र एक-तृतीयांशाहून जास्त घटतात. त्यात शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. जुने करार संपल्यावर विजेचे दर युनिटमागे सहाच्या वरून पाच रुपयांच्या खाली आले. म्हणून तो दीड रुपया आला. तो काढून वाफेच्या टक्केवारीला लावा म्हणणं म्हणजे आजारी माणसाचं सलाइन काढून त्याला व्यायाम सांगणं.

वाफेचा हिशोब:
दीड रुपया काढा असं मी म्हटलेलं नाही. चालू प्रकल्पाचा दर आणि नव्या यंत्रावरचं भांडवली अनुदान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझा आक्षेप दुसऱ्यावर आहे. आणि हंगाम छोटा होत असेल तर वाफ वाचवणं जास्तच गरजेचं, कारण उरलेलं बगॅस गाळप संपल्यावरही डिस्टिलरीला वाफ देतं.

टर्बाइन हॉल:
दोघांनीही एका गोष्टीला हात लावला नाही. प्रकल्प "सहवीज" आहे की नाही हे ठरवायचा नियम आधीपासून आहे: हंगामात उपयोगी वीज अधिक उपयोगी उष्णतेची निम्मी, ही बेरीज इंधनातल्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त हवी. आता धागाकर्त्याचं उदाहरण या सूत्रात घाला. तासाला साडेबावीस टन एक्झॉस्ट वाफ (टर्बाइनमधून बाहेर पडून प्रक्रियेला जाणारी) म्हणजे सुमारे १४ मेगावॉट उष्णता. ती प्रक्रियेतून वाचवून कंडेन्सरकडे नेली की बेरजेतून ७ मेगावॉट जातात आणि विजेचे सव्वादोन येतात. इंधन तेवढंच. म्हणजे वाफ वाचवणाऱ्याचा आकडा खाली येतो आणि बॉयलिंग हाऊसमध्ये वाफ उधळणाऱ्याचा वर राहतो! उधळलेली वाफही सूत्राच्या लेखी "उपयोगी उष्णता"च असते.

शिवाय अट "हंगामात" म्हणते. हंगाम संपल्यावर तेच यंत्र नुसत्या कंडेन्सिंगवर चालतं, तेव्हा उष्णतेचा मोठा भाग कूलिंग टॉवरमधून जातो. त्या महिन्यांत त्याला सहवीजनिर्मिती म्हणण्यात काही अर्थ नाही.

म्हणून मी वाफेच्या टक्केवारीच्या बाजूने आहे. पण ती मोजायची कशी, इथे खरी अडचण येते. नुसती टक्केवारी मागितली तर कारखाना मिलवरचं इम्बिबिशनचं पाणी (चोथ्यातली साखर धुवून काढायला मारतात ते) कमी करेल. रस घट्ट येईल, बाष्पीभवनाचा भार उतरेल, वाफ दोन टक्क्यांनी कमी दिसेल आणि साखर बगॅसमध्ये बसून बॉयलरमध्ये जळेल. त्यामुळे वाफेसोबत बगॅसमधल्या पोलची (उरलेल्या साखरेची) मर्यादा हवीच, २ टक्क्यांच्या आत. बगॅसची ओल ५० च्या आत ठेवायची अटही घाला. ओल एका टक्क्याने वाढली की किलोमागे साधारण ४५ किलोकॅलरी जातात.

ताळेबंद:
म्हणजे आता पोल, ओल, वाफ, तिन्ही तपासायला माणूस पाठवणार. आणि सगळ्यांना एकच ४० टक्क्यांची रेघ? रिफाइंड साखर करणाऱ्याला वाफ जास्त लागते. कच्ची साखर करणाऱ्याला कमी. रस किंवा सिरप इथेनॉलला वळवणाऱ्याची पॅनची वाफ वाचते, पण डिस्टिलरीची वाढते. ती कोणाच्या खात्यात धरणार?

टर्बाइन हॉल:
रेघ एकच नको. कारखान्याचा स्वतःचा आधीचा आकडा पाया धरा आणि त्याच उत्पादनावरची घट मोजा. डिस्टिलरीच्या वाफेला वेगळा मीटर लावा. ती बहुतेक ठिकाणी मधल्या दाबाच्या एक्स्ट्रॅक्शनवरून (टर्बाइनच्या मधूनच काढलेल्या वाफेवरून) जाते, तेव्हा लाइन वेगळीच असते.

ऊसवाला:
तुमच्या वादात शेतकरी येतच नाही. राज्याच्या २०१३ च्या ऊस दर कायद्यात महसुलाच्या ७०:३० वाटणीत (७० शेतकऱ्याला) बगॅस, मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) येतात. बगॅस येतं ते बगॅस म्हणून, त्याच्यापासून झालेली वीज म्हणून नाही. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्राने बगॅसचं मोल वाढवलं, तर वाढलेलं मोल उसाच्या दरात दिसायला हवं. अनुदान देताना ही अट घाला, मग ते मेगावॉटवर द्या नाहीतर वाफेवर.

ताळेबंद:
यावर माझा वाद नाही. पण वाटणी विजेच्या नफ्यावर करा, विक्रीवर नको. कर्जाचा हप्ता आधी वजा झाला पाहिजे.

छोटा बॉयलर:
साखरेपलीकडेही बघा. कापडाचं प्रोसेस हाऊस, डेअरी, कागद कारखाना यांच्याकडे वाफ १७ किलो (चौरस सेंटिमीटरला) दाबावर तयार होते, वापरली जाते साडेतीनवर. मधला दाब प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हमध्ये फुकट जातो. तासाला ५ टन वाफ असेल तर त्या व्हॉल्व्हच्या जागी छोटी बॅकप्रेशर टर्बाइन (बाहेर पडणारी वाफ पुढे प्रक्रियेला देणारी) लावून दीडशे किलोवॉटच्या आसपास वीज निघते. खरी सहवीजनिर्मिती ही: कंडेन्सर नाही, कूलिंग टॉवर नाही.

आता अनुदान बघा. २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात बगॅसेतर सहवीज प्रकल्पाला मेगावॉटमागे ४० लाख, प्रकल्पाला जास्तीत जास्त ५ कोटी. दीडशे किलोवॉटचे होतात ६ लाख. तेही बायोमास जाळत असाल तर, आणि प्रकल्प चालू होऊन कामगिरीची तपासणी झाल्यावर. म्हणजे आधी सगळा पैसा स्वतःचा किंवा बँकेचा. सल्लागार, अहवाल, तपासणी यांचा खर्च छोट्या मालकाला मोठ्याइतकाच पडतो. कोण अर्ज करेल?

हे यंत्र घेणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. जुना व्हॉल्व्ह काढू नका, बायपास म्हणून ठेवा, नाहीतर टर्बाइन ट्रिप झाली की प्रोसेस थांबते. आणि टर्बाइन बॉयलरच्या क्षमतेवर निवडू नका, वर्षभर सतत लागणाऱ्या किमान वाफेवर निवडा. वाफ निम्म्याखाली आली की छोट्या टर्बाइनची कार्यक्षमता फार झपाट्याने पडते.

वाफेचा हिशोब:
हे मेगावॉटच्या मोजमापाचं दुसरं टोक आहे. इथे पैसे युनिटवर नाही, बॉयलरमधल्या वाचलेल्या इंधनावरही नाही, फुकट जाणारा दाब वापरण्यावर द्यायला हवेत. तासाला दहा टनांखालच्या बॉयलरसाठी ठरावीक रकमेचं, साध्या अर्जावरचं अनुदान असावं. टर्बाइन बसली, विजेचा मीटर फिरला, पैसे दिले.

टर्बाइन हॉल:
मोठ्या कारखान्यांच्या मोजणीबद्दल शेवटचं, कारण योजना इथेच फसेल. एक्झॉस्ट लाइनवरच्या ओरिफिस मीटरला (छिद्राच्या प्लेटने वाफ मोजणाऱ्या) दाब आणि तापमानाची दुरुस्ती जोडलेली नसते, म्हणून आकडा पाच-सात टक्के इकडेतिकडे होतो. दहा टक्क्यांची बचत मोजायला असा मीटर चालणार नाही. हंगामाआधी प्लेट काढून तिची धार बघा, झिजली असेल तर मीटर कमी वाफ दाखवतो. पीआरडीएसवर (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या बायपासवर) वेगळा मीटर हवा, नाहीतर टर्बाइनला वगळून गेलेली वाफ हिशोबात येतच नाही.

आणि पडताळा कंडेन्सेटवरून घ्या. एक्झॉस्ट वाफेचं कंडेन्सेट बॉयलरला परत येतं, त्यात डीएमचं (क्षार काढलेलं) ताजं पाणी किती घालावं लागलं ते बघा. ८७ किलो दाबाच्या बॉयलरला साखरेचा अंशही चालत नाही, पाण्याचा पीएच घसरतो आणि ट्यूब जातात. म्हणून कंडक्टिव्हिटी (पाण्यात काही मिसळल्याची खूण) वाढली की ते कंडेन्सेट बाहेर सोडतात आणि डीएमचा वापर वाढतो. डीएमची नोंद ऑपरेटर बॉयलर वाचवण्यासाठी करतो, अनुदानासाठी नाही, त्यामुळे ती बदलायचं त्याला काही कारण नसतं.

ताळेबंद:
डीएमची नोंद पडताळ्याला धरणार असाल तर मोजणीवरचा माझा आक्षेप निम्मा संपला. उरलेला पैशांचा: बचत सिद्ध झाल्यावर अनुदान देणार असाल तर पहिल्या दोन हंगामांच्या व्याजाची सोय साखर विकास निधीतून करा. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर या निधीचा उपकर बंद झाला, तेव्हा आधी तिथे पैसा कुठून येणार ते ठरवा.