अंजनाचा पाचोळा कुजत नाही : जमिनीला त्याचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न (सांगोला)
नमस्कार मंडळी. आमच्या चार एकर मुरमाड माळावर बारा वर्षांपूर्वी अंजनाची झाडे लावली. दोन ओळींच्या मध्ये मारवेल गवत आणि स्टायलो (शेंगवर्गीय चारा पीक) आहे. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. माघ-फाल्गुनात पानगळ झाली की झाडाखाली चार बोटे पाचोळ्याचा थर साचतो. गेल्या दिवाळीनंतर हा थर उकरून पाहिला, तेव्हा वरची पाने जशीच्या तशी चामड्यासारखी चिवट होती; पावसाळाभर भिजूनही त्यांच्या शिरा शाबूत होत्या. बुंध्याजवळ गवतही विरळ आहे. शेजारी म्हणतात, पेटवून द्या, राखेने नवे गवत जोमाने येईल. पाचोळा राखावा की जाळावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मृदाशास्त्राचा विद्यार्थी)
जाळू नये, अशी कळकळीची विनंती. आगीत पानांतील नत्र व गंधक बहुतांशी हवेत निघून जातात. राखेत पालाश आणि चुना उरतो, पण तोही उताराच्या जमिनीवरून पहिल्या वळवाबरोबर वाहून जातो. राखेवर येणारी हिरवळ दिसायला छान असते, म्हणून हा समज टिकून आहे.

पाने न कुजण्याची दोन कारणे आहेत. झाड पान गाळण्यापूर्वी त्यातील नत्र आणि स्फुरद मोठ्या प्रमाणात परत ओढून घेते, त्यामुळे खाली पडणारे पान मुळातच निकस असते. त्यात अंजनाच्या पानात टॅनिन (कुजणे मंदावणारे तुरट द्रव्य) भरपूर. कर्ब-नत्राचे गुणोत्तर (म्हणजे नत्राच्या किती पट कार्बन) साधारण २५ च्या वर गेले की जिवाणू पान कुजवताना मातीतलेच नत्र वापरतात, आणि काही काळ गवताला ते कमी पडते. बुंध्याजवळचे गवत विरळ होण्यात सावलीबरोबर याचाही वाटा असू शकतो. दुसरे कारण ओलाव्याचे. आपल्याकडे कुजणे सलग चालत नाही, पावसाच्या प्रत्येक सरीनंतर ते काही दिवस उसळते आणि माती सुकली की थांबते. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर जिवाणूंची हालचाल आणि नत्राची उपलब्धता एकदम वाढते, हे मृदाशास्त्रज्ञ एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मातीवर काम करून १९५८ मध्ये मांडले होते. त्या वेळी पाचोळा मातीला चिकटून असेल तरच तो या उसळीत सापडतो. वरचा थर भिजला तरी वाऱ्यावर लगेच सुकतो.

उत्तर २ (पारनेर)
मी शेतकरी आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतले सांगता येणार नाही. मी एकदा माळ पेटवला होता. पुढच्या वर्षी कुसळी (टोचऱ्या कुसांचे हलके गवत) माजली आणि मारवेलाची ठोंबे निम्म्याहून अधिक गेली. तेव्हापासून निम्मा पाचोळा जागेवर ठेवतो आणि निम्मा शेळ्यांच्या गोठ्यात अंथरतो. लेंड्या आणि मूत मुरले, खुरांनी पाने चुरली गेली की तीच चिवट पाने खड्ड्यात आठ-नऊ महिन्यांत काळी होतात. हे खत समतल चरांच्या खालच्या अंगाला, गवताच्या ठोंबांजवळ घालतो. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पालाही जूनमध्ये पाचोळ्यावर टाकतो; तो लवकर कुजतो आणि खालच्या पानांनाही सोबत घेतो.

एक सांगावेसे वाटते. पानांवर मातीचा पातळ पापुद्रा चढलेला दिसला तर वाळवी म्हणून औषध मारू नका. कोरड्या माळावर गांडुळाचे काम तीच करते.

उत्तर १ (पुन्हा)
वाळवीबद्दल सहमत. आपल्याच जमिनीत पाने किती वेगाने कुजतात याचा अंदाज हवा असेल, तर जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या वीतभर पिशव्या शिवून प्रत्येकीत वीस ग्रॅम वाळलेली पाने भरावीत. काही झाडाखाली, काही उघड्यावर, काही बोटभर मातीखाली ठेवून दर दोन महिन्यांनी काढाव्यात, माती झटकून, पाने वाळवून वजन करावे. बारीक जाळीत वाळवी सहसा शिरत नाही, म्हणून काही पिशव्या शेडनेटच्याही असाव्यात. दोहोंतील फरकावरून वाळवीचा वाटा कळेल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. पेटवण्याचा विचार सोडला आहे. या आठवड्यात बुंध्याजवळचा वरचा थर गोठ्यात नेतो आणि खालचा तसाच ठेवतो. मृगापूर्वी पिशव्याही ठेवीन. पहिले वजन श्रावणात इथे कळवतो. स्टायलो विरळ झालेल्या पट्ट्यात त्याचे बी याच पाचोळ्यात टाकले तर उगवेल, की आधी माती मोकळी करावी लागेल?

उत्तर २ (पारनेर)
थर बाजूला सारून माती खरवडा, बी पेरा आणि वर अगदी पातळ पाचोळा पसरा. बी गरम पाण्यातून काढून मगच पेरा, कवच कठीण असते.