जॉश गिब्सनची ०.३७२ सरासरी : न्याय, की सोयीची दुरुस्ती?

धागाकर्ता : मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल संघटनेने) १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगच्या (मेजर लीगची दारे बंद असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगच्या) २,३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत सामील केली आणि कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा (दर फलंदाजीमागे हिटचे, म्हणजे चेंडू टोलावून बेस गाठण्याचे प्रमाण) मान मेजर लीगच्या टाय कॉबकडून (०.३६७) जॉश गिब्सनकडे (०.३७२) गेला. बेसबॉलचे आकडे ही अमेरिकेची एक बखरच आहे आणि त्या बखरीतून कृष्णवर्णीयांची पाने वर्षानुवर्षे गाळलेली होती. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तो त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला. माझ्या मते निर्णय योग्यच आहे, फक्त फार उशिरा झाला.

प्रतिसाद १ : भावना मान्य, पण हिशेब पटत नाही. कॉब २४ हंगाम खेळला आणि अकरा हजारांहून अधिक वेळा फलंदाजीला आला. गिब्सनची नोंद दोन हजारांच्या थोडीशीच वर जाते. दोष त्याचा नाही. निग्रो लीगच्या हंगामात लीगचे सामने साठ-ऐंशीच होत आणि पोट भरायचे ते गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांवर, जे या नोंदींत धरलेलेच नाहीत. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममधील (बेसबॉलपटूंच्या सन्मान-दालनातील) त्याच्या फलकावर जवळपास ८०० होमरन कोरलेले आहेत, तर अधिकृत आकडा दोनशेच्याही आत आहे. मग ज्या नोंदवहीत हा खेळाडू मुळात मावतच नाही, तिच्यात त्याला पहिला क्रमांक देऊन काय साधले?

धागाकर्ता : सामन्यांची संख्या हाच निकष असेल, तर २०२० च्या महासाथीत मेजर लीगचा हंगाम फक्त ६० सामन्यांचा ठेवला गेला, तो हंगाम आपण बाद ठरवणार का? तो तर विनातक्रार मोजला गेला. शिवाय कॉब किंवा बेब रूथ या श्वेतवर्णीय दिग्गजांनी लीगच्या एकाही सामन्यात निग्रो लीगमधल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) तोंड दिले नाही, आणि तरीही त्यांच्या सरासरीपुढे कोणी शंकेचे तारांकन केले नाही. १९६९ मध्ये कोणत्या लीग ‘मेजर’ मानायच्या हे ठरवणाऱ्या समितीने निग्रो लीगचा विचारच केला नव्हता. ही चूक आकडेशास्त्राची खासच नव्हती.

प्रतिसाद २ : माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. रॉबिन्सनला करारबद्ध करताना डॉजर्सचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीने कॅन्सस सिटी मोनार्क्स या त्याच्या निग्रो लीगमधल्या संघाला एक छदामही दिला नाही. निग्रो लीगमधल्याच न्यूअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी हट्टच धरला, तेव्हा कुठे त्यांचा खेळाडू लॅरी डोबी याच्यासाठी मेजर लीगच्या क्लीव्हलँड संघाकडून १५,००० डॉलर मिळाले. पाठोपाठ प्रेक्षकही खेळाडूंच्या मागे गेले आणि १९४८ च्या हंगामानंतर ईगल्स विकावा लागला. कृष्णवर्णीय मालकांनी, वार्ताहरांनी आणि प्रेक्षकांनी उभे केलेले एक स्वतंत्र विश्व असे मोडले, आणि आता तीच संस्था त्याची आकडेवारी आपल्या खात्यावर जमा करून घेते, याला मी न्याय म्हणणार नाही. ती वही वेगळीच, तिच्या स्वतःच्या नावाने राहायला हवी होती.

प्रतिसाद ३ : इथे पुढे मेजर लीगमध्ये गाजलेल्या विली मेजचे उदाहरण पाहावे. १९४८ मध्ये तो सतरा वर्षांचा असताना निग्रो लीगच्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला आणि त्या हंगामातले दहा हिट जमा झाल्यामुळे त्याची बेरीज ३,२८३ वरून ३,२९३ झाली. हे दहा हिट मेजर लीगने सांभाळून ठेवलेले नव्हते; ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’ यांसारख्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांत बारीक टाइपात छापलेले धावफलक जुळवत संशोधकांनी निग्रो लीगचे असे आकडे सामन्यागणिक उभे केले. संस्थेने शिक्का तेवढा मारला.

प्रतिसाद २ : शिक्क्यालाच तर माझा आक्षेप आहे. जुळवणाऱ्यांच्या कष्टांविषयी दुमत नाही आणि मेजचे ते दहा हिटही त्याला हयातीत, मृत्यूच्या जेमतेम तीन आठवडे आधी का होईना, मिळाले याचे समाधान आहे. पण ते बॅरन्सच्या वहीत १९४८ पासून होतेच.