टोलचे पैसे सरकारकडून परत मिळतात का? (बडोदा–भरूच रोजचं जाणंयेणं)

वाडीकर_७४
मंडळी एक प्रश्न आहे, मी राहतो बडोद्यात वाडीला आणि नोकरी भरूचला, गाडी स्वतःची, रोज करजणचा टोल जाताना आणि येताना. परवा सिडनीहून धाकट्या भावाचा फोन आला, तो म्हणे त्याच्याकडे सरकार टोलचे पैसे परत देतं, आठवड्याला ६० डॉलरच्या वर जेवढा टोल झाला तेवढा, खात्यात जमा. मी म्हटलं आपल्याकडे असं काही असेल तर मी इतकी वर्षं झोपलो होतो की काय! इन्कम टॅक्समधे तरी दाखवता येतो का? पगारदार आहे. कोणी केलं असेल तर सांगा.

जांबुवा_पीडित
टोल परत?? अहो जांबुव्याच्या पुलावर जो वेळ जातो तो तरी परत द्या म्हणावं आधी 😀

मांजलपूरची_ताई
भाऊचं खरं आहे, माझी नणंदही तिकडेच आहे. न्यू साउथ वेल्स राज्याची योजना आहे ती, जानेवारी २०२४ पासूनची, पण आपोआप येत नाहीत पैसे, सरकारी खात्याला टोलचं अकाउंट जोडायचं आणि दर तीन महिन्यांनी क्लेम टाकायचा, एका टॅगमागे आठवड्याला जास्तीत जास्त ३४० डॉलर. आणि गाडी घरगुती वापराची हवी, धंद्याची चालत नाही. नणंद दोन क्वार्टर विसरली होती, मग एकदम बसून भरले.
आपल्याकडे असं आधी भरा मग मागा नाहीये. जी काय सवलत आहे ती आधीच घ्यायची.

हिशेबी_काका
वाडीकर, पगारदाराला घर ते ऑफिस टोलची वेगळी वजावट नाही, स्टँडर्ड डिडक्शन मिळतं त्यातच समजून घ्या. कंपनीच्या कामासाठी गेलात आणि कंपनीने बिलावर पैसे दिले तर ती गोष्ट वेगळी.
तुम्ही फास्टॅगचा वार्षिक पास घेतला नाहीत अजून? १५ ऑगस्ट २०२५ ला आला, तेव्हा ३,००० रुपये, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे एका टोलला १५ रुपये पडले! तुमच्या रोज दोन, महिन्याला २२ दिवस धरले तर ४४, साडेचार महिन्यात पास संपणार, संपला की परत घ्यायचा. तरी मासिक पासपेक्षा कितीतरी स्वस्त, तो ५० फेऱ्यांचा असतो आणि दोन तृतीयांश दराने. किंमत आज काय आहे ते राजमार्गयात्रा अ‍ॅपमधे बघून घ्या. पास तिथूनच किंवा हायवे अथॉरिटीच्या साइटवरून घ्यायचा, टोलनाक्यावर कोणी «करून देतो» म्हणाला तर नमस्कार करून पुढे निघा.

मांजलपूरची_ताई
आणि वॉलेटमधले पैसे काढून टाकू नका हं. पास फक्त नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्सप्रेसवेवर चालतो. आम्ही दिवाळीत पुण्याला गेलो, मुंबई–पुणे एक्सप्रेसवे राज्याचा, तिथे नेहमीसारखे पैसे कापले आणि हे मला म्हणतात, तुझा पास खोटा आहे! समृद्धीवर आणि अटल सेतूवरही तेच.

हालोल_अपडाऊन
आमची मजा आहे, हालोल रस्ता राज्याचा, १५ ऑगस्ट २०१६ पासून गुजरात सरकारने तिथे खासगी कारला टोल माफ केलाय, भरपाई सरकार टोलवाल्याला देतं. म्हणजे रिबेट आहेच, फक्त आपल्या हातात येत नाही.

वाडीकर_७४
धन्यवाद सगळ्यांना. घ्यायला बसलो पण पास काही होईना, मग कळलं की माझा टॅग चासी नंबरवर आहे, शोरूमवाल्याने गाडी देतानाच लावला होता आणि मी गाडीचा नंबर नंतर बँकेत टाकलाच नाही. आता आरसीचा फोटो अपलोड केलाय.
काका, अहमदाबादला एक्सप्रेसवेने गेलं तर किती फेऱ्या धरतात?

हिशेबी_काका
एकच. आत शिरून बाहेर पडेपर्यंत एक. करजणसारख्या नाक्यावर मात्र जाताना एक येताना एक.

जांबुवा_पीडित
मेसेज वाचत जा पण. माझी गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी आणि मोबाइलवर टोल कापल्याचा मेसेज, तेसुद्धा मी कधी गेलोच नाही त्या नाक्याचा. हायवेच्या हेल्पलाइनला, १०३३ ला फोन केला, बँकेत तक्रार टाकली, दोनदा तेच तेच विचारलं, नऊ दिवसांनी पैसे आले. हाच काय तो आमचा रिबेट.

वाडीकर_७४
झालं एकदाचं! आज सकाळी करजणला मेसेज आला, रक्कम शून्य, उरलेल्या फेऱ्या १९९. भावाला स्क्रीनशॉट पाठवला. एचआरला काय दाखवायचं ते बघू, ते दर महिन्याला टोलच्या पावत्या मागतात आणि आता सगळ्या शून्याच्या आहेत.

हिशेबी_काका
पासाची पावती द्या एकदाच, आणि देण्याआधी त्यांना विचारून घ्या.