थंडीतली मुंबई आणि कडेवरची पोरं: तुमचे अनुभव सांगा

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पुण्याहून मुंबईला जाऊन आलो. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. नवऱ्याने डायरीत नऊ ठिकाणं लिहून घेतली होती, त्यातली झाली दोन. एक राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय. दुसरं डायरीत नव्हतंच, ते म्हणजे भुयारी मेट्रोच्या स्टेशनातला सरकता जिना, त्यावरून धाकटा खाली-वर खाली-वर अकरा वेळा गेला आणि बाबा त्याच्या मागे.

जाताना डेक्कन क्वीन. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही हे बरोबर, पण त्याला सीटही मिळत नाही हे खंडाळ्याच्या घाटात मांडी बधिर झाल्यावर नीट कळलं. डायनिंग कारमधलं ऑम्लेट त्याने आख्खं खाल्लं, घरी अंड्याला हात लावत नाही. राणीच्या बागेत सगळे पेंग्विनकडे धावतात तसे आम्हीपण धावलो. काचेसमोर लेक मोठ्याने म्हणाली, यांचा बर्फ कुठेय? मला काय सांगावं कळेना. तिथल्या पाटीवर वाचलं तेव्हा समजलं की हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, यांना बर्फ लागतच नाही, नुसतं गार हवं. ती फारच नाराज झाली, पेंग्विन खोटे निघाले असा तिचा चेहरा.

तर लहान मुलं घेऊन थंडीत मुंबई कुणी कुणी केलीय? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा. फसलेलं आधी.

नाशिकची आई
फसलेलं आधी म्हणताय तर स्वेटर. आमच्याकडे पहाटे दात वाजत होते, पोरांना इनर, स्वेटर, कानटोपी, मोजे सगळं चढवून पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलो. कसाऱ्यापर्यंत ठीक होतं. कल्याण गेल्यावर एकेक कपडा उतरायला लागला आणि दादरला उतरलो तेव्हा पोरं बनियनवर आणि माझ्या हातात एक अख्खी बॅग भरेल एवढं लोकरीचं गाठोडं. ते दोन दिवस वागवलं. मुंबईची थंडी म्हणजे रात्री पंखा दोनवर, एवढीच. एक पातळ जॅकेट पुरतं, तेही समुद्रावर आणि एसी बसमध्ये. पण परतीच्या गाडीसाठी स्वेटर लागतोच, त्यामुळे टाळता पण येत नाही, काय करणार.

कोल्हापूरकर बाबा
आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो, रात्री पोरं झोपून जातात म्हणून. झोपली पण. घोळ सकाळी झाला. गाडी पोचली भल्या पहाटे म्हणावी अशी आणि हॉटेलवाला म्हणतोय खोली बाराला. फोनवर "लवकर या, बघू" म्हणाला होता. दोन पोरं, तीन बॅगा, बायकोचं तोंड, आणि मी. शेवटी स्टेशनच्या वेटिंग रूममध्येच दात घासले, घरनं आणलेल्या दशम्या आणि भडंग खाल्लं आणि बॅगा क्लोकरूमला टाकून तडक गेटवे. आणि खरं सांगू का, तेच लै भारी झालं. सकाळी साडेआठला गेटवेवर गर्दी नाही, ऊन कोवळं, कबुतरंच कबुतरं. पोरं दीड तास नुसती कबुतरांमागं पळाली. एक रुपाया खर्च नाही.

त्यानंतर घारापुरी (एलिफंटा) केली, ती करायला नको होती असं मला वाटतं, बायकोला नाही वाटत. बोटीला तासभर लागतो. १८ डिसेंबर २०२४ ला तिथंच समुद्रात झालेला बोटीचा अपघात डोक्यात होता, म्हणून मी चढायच्या आधीच लाइफ जॅकेट मागितलं. मोठ्यांचं मिळालं, चार वर्षांच्या पोराला ते म्हणजे अंगात पोतं घातल्यासारखं, हात वर केला की निसटतंय. मी परत उतरायला निघालो तेव्हा कुठनं तरी एक लहान मापाचं शोधून आणलं. मुलं असतील तर आधी मागा, मापाचं नसेल तर बसू नका, मग कोण काहीही बोलू दे. वर शंभराच्या वर पायऱ्या, धाकटी खांद्यावर, आणि माकडानं वेफर्सचा पुडा डोळ्यादेखत नेला. त्रिमूर्ती बघून मोठा गप्प उभा राहिला बराच वेळ, तेवढं मात्र मानतो. आणि घारापुरीला सोमवारी लेणी बंद असतात, जोडसुट्टीवाल्यांनी लक्षात ठेवा.

ठाण्याची मावशी
बाहेरगावाहून येणाऱ्या सगळ्या भाचरांची सोय माझ्याकडे असते म्हणून बोलते. रविवारी लोकलने फिरायचं ठरवताना मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात किंवा वळवतात तो) कुठे आहे ते शनिवारीच बघा. दर रविवारी कुठे ना कुठे असतो. माझी बहीण न सांगता निघाली पोरांना घेऊन, फास्ट गाड्या स्लोवर वळवलेल्या, स्लो उशिरा, आणि भायखळ्याला उतरायचं तर दाराशी पोचताच येईना. चार वर्षांचा मुलगा माणसांच्या कमरेएवढा, त्याला फक्त लोकांचे पाय दिसतात, तो घाबरणारच. शनिवारी दुपारी साडेबारा ते तीन लोकल बऱ्यापैकी रिकामी असते, तेव्हा बसवा, खिडकी मिळाली तर मुलं खूश. लेडीज डब्यात आईबरोबर लहान मुलगा चालतो, आणि तिथे टिकल्या-क्लिपा विकणाऱ्या बायका चढतात तो पण एक बाजारच असतो त्यांच्यासाठी.

आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. वीकेंडवाल्यांना फरक पडत नाही, पण नाताळच्या सुट्टीत लोक हमखास बुधवारीच येऊन गेटवरून परत जातात.

गोरेगावचा एक बाप
आम्ही मुंबईतच राहतो तरी लिहितो, कारण गोरेगावहून फोर्टला पोरगी घेऊन जाणं ही पण ट्रिपच आहे. मला तिला लाल डबल डेकर बस दाखवायची होती, वरची पुढची सीट, माझ्या लहानपणी त्यासाठी मारामारी व्हायची. दाखवू दाखवू म्हणता जुन्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंदच झाल्या. आता इलेक्ट्रिक एसी डबल डेकर आहे, सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटकडे जाणारी ११५ पकडली. बारा रुपयांत वरून सगळं दिसतं. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं, काच बंद, वारा नाही, झाडाची फांदी तोंडावर येत नाही. तिला काय, ती म्हणाली बाबा आपण बिल्डिंगमध्ये बसून चाललोय. उतरायलाच तयार नाही, परत त्याच बसने मागे आलो.

बाळदमा असलेल्या मुलाची आई, सांगली
मला थोडं वेगळं सांगायचंय. थंडीत मुंबईची हवा चांगली नसते. समुद्राचा वारा उशिरा सुरू होतो, धूळ-धूर खालीच राहतो, सकाळी मरीन ड्राइव्हवरून समोरच्या इमारती पुसट दिसत होत्या, मी आधी धुकं समजले. पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्या रात्री खोकला लागला तो पहाटेपर्यंत. पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) बरोबर होता म्हणून निभावलं. ज्यांच्या मुलांना त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून निघा आणि औषध मोठ्या बॅगेत नाही, खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेरचं सगळं रद्द करून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. आत तीन तास कसे गेले कळलं नाही, बटणं दाबा, चाकं फिरवा, कुणी ओरडत नाही. सासूबाई पण दाबत होत्या.

बारा महिन्यांच्या बाळाबरोबर (एकटीच गेले होते)
स्ट्रोलर नेऊ नका!! फुटपाथ म्हणजे दर वीस पावलांवर चढ-उतार, खड्डा, टपरी. मी ती गाडी बाळापेक्षा जास्त वेळ कडेवर घेतली. ओढणीची झोळी किंवा कॅरियर बेस्ट. दूध पाजायला मॉलमध्ये किंवा मोठ्या म्युझियममध्ये विचारा, कुणीतरी जागा दाखवतं.

कोल्हापूरकर बाबा
नाशिकच्या ताई, आमच्या बॅगेतपण चार स्वेटर होते, लिहायला लाज वाटली म्हणून लिहिलं नव्हतं.

गोरेगावचा एक बाप
कोल्हापूरकर, पोरांनी विचारलं नाही का, एलिफंटाला एलिफंट कुठेय? माझ्या पोरीने विचारलं होतं. बेटावर दगडी हत्ती होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी नाव ठेवलं. इंग्रज तो उचलून विलायतेला न्यायला निघाले तेव्हा फुटला, मग इथेच जोडून उभा केला. आता तो भायखळ्याला आहे, राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर.

कोल्हापूरकर बाबा
विचारलं की हो! मी सांगितलं, माकडानं नेला.

धागाकर्ती
थांबा. म्हणजे तो काळा मोठा हत्ती? आम्ही त्याच्यासमोर सतरंजी टाकून पोळीभाजी खाल्लीय. धाकटा तासभर "हत्ती, हत्ती" करत होता आणि आम्ही त्याला ओढून पेंग्विनकडे नेलं.