अनुभव धागा : मधुमेह झालेले दत्तक मांजर आणि त्याची घरची देखभाल

ज्यांनी मधुमेह असलेले मांजर जाणूनबुजून दत्तक घेतले, किंवा दत्तक घेतल्यानंतर ज्यांच्या मांजराला मधुमेहाचे निदान झाले, त्या सर्वांनी आपले अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. बारा-बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा इंजेक्शन द्यायचे, एवढे ऐकूनच अनेक जण अशा मांजराला घरी न्यायचा विचार सोडून देतात. प्रत्यक्षात ते कितपत जमते, हे रोज करणाऱ्यांनीच सांगितलेले बरे. इन्सुलिनचे प्रमाण पशुवैद्यच ठरवतील, म्हणून दुसऱ्याच्या मांजरासाठी कोणी एकके सुचवू नयेत. सुई कुठे टोचता, साखर कशी मोजता, काय खाऊ घालता आणि अडचणीच्या वेळी काय करता, हे मात्र सविस्तर यावे.

पुणे

मन्या आमच्याकडे आला तेव्हा प्रौढ, नसबंदी झालेला आणि चांगलाच वजनदार बोका होता. त्याच्या आधीच्या मालकीणबाई परदेशी मुलीकडे राहायला गेल्या, आणि सोसायटीत तो कोणाला नको होता. काही महिन्यांत त्याचे पाणी पिणे वाढले, भूक वाढली आणि तरीही पाठीचा कणा हाताला लागू लागला. लघवीच्या ट्रेभोवती मुंग्यांची रांग दिसू लागली, तेव्हा सासूबाईंनी डॉक्टरांच्या आधी निदान केले. पुढे तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला. वाढलेल्या साखरेमुळे नसांवर परिणाम झाला की मांजरे अशी चालतात, हे आम्हाला दवाखान्यात समजले. मांजर घाबरले तरी त्याची साखर तात्पुरती खूप वाढते, त्यामुळे डॉक्टरांनी एका आकड्यावर विश्वास न ठेवता फ्रुक्टोसामीनची तपासणी करून घेतली. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो.

इंजेक्शनची भीती आम्हाला होती, मन्याला ती कधीच नव्हती. तो वाटीत तोंड घालून खात असतो, तेव्हा मी त्याच्या कुशीवरची कातडी चिमटीत उचलते, तिचा छोटा तंबू होतो, आणि त्याच्या पायथ्याशी सुई तिरपी जाते. सुई इतकी बारीक असते की त्याचे चाटणे थांबत नाही. कधी औषध केसांतच सांडल्याचा संशय येतो. लगेच बोट फिरवून वास घेतला की दवाखान्यासारखा उग्र वास येतो, आणि संशय खरा ठरतो. तरीही अशा वेळी दुसऱ्यांदा इंजेक्शन द्यायचे नाही, कारण आत किती गेले ते कळत नाही, आणि एक वेळ साखर जास्त राहणे ती एकदम उतरण्यापेक्षा पुष्कळ बरे.

ठाणे

सिरिंजबद्दल प्रत्येकाने सावध राहावे. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या, दर मिलिलिटरला ४० एकके आणि १०० एकके असलेल्या, अशा दोन्ही कुप्या मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही निराळ्या असतात. सहसा ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. आमच्या मांजरीला ग्लार्जिन हे इन्सुलिन चालू आहे, त्याची कुपी १०० ची असते. एका औषध दुकानात मला तिच्यासोबत लाल टोपणाच्या सिरिंज दिल्या गेल्या, आणि ‘सगळ्या सारख्याच’ असे ठासून सांगितले गेले. त्या सिरिंजवरच्या एक एककाच्या खुणेपर्यंत औषध घेतले असते तर मांजरीला अडीच एकके गेली असती. चार किलोच्या जिवाला हा फरक प्राणघातक ठरू शकतो. पावती, कुपी आणि सिरिंज या तिन्हींवरचा आकडा दुकानातच जुळवून पाहावा. अर्ध्या एककाच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली, तर तीच घ्यावी.

रत्नागिरी

आमची भुरी मंदिराच्या आवारात वाढलेली, म्हणजे मासळीच्या पाण्यात कालवलेल्या भातावर. मांजराला पिष्टमय पदार्थांची गरज जवळजवळ नसते आणि सुक्या खाद्यातही पीठ बरेच असते, म्हणून डॉक्टरांनी भात आणि दाणे दोन्ही बंद करून कमी कर्बोदकांचे ओले खाद्य सुचवले. नुसती उकडलेली मासळी किंवा चिकनही रोजचे अन्न म्हणून पुरत नाही. टॉरीन (मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम यांची सोय करावी लागते. हा बदल मनाने करू नये, हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण भात सुटल्यावर भुरीची इन्सुलिनची गरज फार झपाट्याने कमी झाली आणि डॉक्टरांनी डोस टप्प्याटप्प्याने उतरवत शेवटी थांबवला. निदान लवकर झाले आणि साखर लवकर आटोक्यात आली, तर काही मांजरांच्या बाबतीत असे घडते. आजार गेला असे मात्र आम्ही मानत नाही. कानाला टोचून थेंबभर रक्तातली साखर मोजायची, ती कानाची तपासणी चालू आहे.

पावसाळ्यात वीज गेली की उघडलेली कुपी आम्ही बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये कापडात गुंडाळून ठेवत असू. बर्फाचा थेट स्पर्श होऊ द्यायचा नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

धागाकर्ती

कानाची तपासणी नेमकी कशी करता, तेही कृपया लिहा. सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते.

पुणे

आधी कोमट फडक्याने कान शेकायचा, म्हणजे कडेने जाणारी शीर फुगते. कानाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा धरायचा, शिरेच्या अगदी लगत टोचायचे, थेंब पट्टीला लावायचा आणि मग तोच बोळा थोडा वेळ दाबून धरायचा. नंतर लगेच आवडीचा घास. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, त्यामुळे एकच यंत्र कायम वापरावे आणि ते कोणते, हे डॉक्टरांना सांगून ठेवावे. डोस बदलायचा असतो तेव्हा आम्ही एका इंजेक्शनपासून दुसऱ्यापर्यंत दर दोन तासांनी आकडे लिहितो. सर्वांत खालचा आकडा कोणता आणि तो किती वाजता आला, यावरून डॉक्टरांना पुढचे ठरवता येते. हेच आकडे दवाखान्यात घेतले असते तर त्यांत मन्याची धास्तीच जास्त मोजली गेली असती.

नाशिक

साखर उतरल्याचा अनुभव लिहितो. आमच्या बोक्याने नीट जेवून इंजेक्शन घेतले आणि तासाभराने सगळे ओकून टाकले. थोड्या वेळाने तो झिंगल्यासारखा चालू लागला, हाक मारली तरी बघेना. यंत्रावर ४८ आले. डॉक्टरांनी आधीच शिकवून ठेवल्याप्रमाणे मध बोटाने हिरड्यांना चोळला. घशात ओतला नाही, कारण अर्धवट शुद्धीतल्या मांजराच्या तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. मग फोन करत करत दवाखाना गाठला. तो वाचला. ग्लुकोज आणि मध आता स्वयंपाकघरात एक आणि गाडीत एक, असे कायम ठेवलेले असतात.

कोल्हापूर

आमच्या मांजरीला तोंडाच्या सुजेसाठी वारंवार स्टेरॉइड दिले गेले होते, आणि त्यानंतर साखर वाढली. दत्तक घेताना जुने औषधोपचाराचे कागद मागून घ्यावेत, एवढेच सांगायचे आहे.

न्यू जर्सी

इथे अमेरिकेत मांजरांच्या मधुमेहासाठी तोंडाने द्यायची दोन औषधे आली आहेत. बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनच्या द्रवरूप औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सुई टळेल या आशेने मी लगेच चौकशी केली, पण ही औषधे पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत, आणि निवाराघरातून आणलेली आमची मांजरी आधीपासून इन्सुलिनवर होती. ज्यांना ही औषधे सुरू होतील त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: रक्तातली साखर ठीक दिसत असतानाही शरीरात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लयुक्त द्रव्ये) साठून जिवावर बेतू शकते. मांजर खायचे थांबले, ओकू लागले किंवा मलूल झाले, तर आकड्यावर विसंबून घरी थांबू नये.

बेळगाव

लग्नकार्याला बाहेरगावी जायचे झाल्यास काय करता? आमच्या घरी इंजेक्शन फक्त मलाच देता येते.

ठाणे

आम्ही डॉक्टरांच्या मदतनीसांना मानधन देऊन घरी बोलावतो. जाण्याआधी ते दोन-तीन वेळा माझ्यासमोर इंजेक्शन देतात, म्हणजे मांजरीला त्यांच्या हाताची सवय होते. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: आधी खाणे, मग सुई, खाल्ले नाही तर सुई न देता फोन. शेजारच्या काकूंनाही मध चोळायला शिकवून ठेवले आहे.