विधानसभा निकालाला वर्ष झाले. विरोधी पक्षनेत्याची खुर्ची अजून रिकामी का?

गिरगावकर (धागालेखक):

23 नोव्हेंबर 2024 रोजी लागलेल्या विधानसभा निकालाची चर्चा आपण सर्वांनी पोटभर केली आहे. लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये, लोकसभेनंतर सहा महिन्यांत फिरलेले वारे, जागावाटपाचा घोळ, मतदारयाद्या, हे सगळे उगाळून झाले आहे आणि त्यांपैकी कशावरही हा धागा नाही. निकालाच्या दिवशी ज्या परिणामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही आणि जो वर्षानंतरही तसाच आहे, त्याबद्दल मला लिहायचे आहे. 288 आमदारांच्या आपल्या विधानसभेला विरोधी पक्षनेता नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपल्यापासून विधान परिषदेतही तीच स्थिती आहे.

कारण सांगितले जाते ते दहा टक्क्यांचे. एका विरोधी पक्षाकडे सभागृहाच्या दहा टक्के, म्हणजे किमान 29 आमदार हवेत आणि ठाकरेंच्या शिवसेनेकडे 20, काँग्रेसकडे 16, शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे 10 आहेत. मार्च 2025 मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेने भास्कर जाधव यांचे नाव अध्यक्षांकडे दिले, त्यावर निर्णय झालेला नाही. माझा आक्षेप असा की हे दहा टक्के हा संकेत आहे, कायदा नव्हे. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांविषयीच्या महाराष्ट्राच्या 1978 च्या कायद्यात व्याख्या आहे ती सर्वाधिक सदस्य असलेल्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढीच. त्यात टक्केवारी कुठेही नाही.

आणि संकेतच पाहायचा तर आपल्याच सभागृहातला पाहावा. 1972 साली काँग्रेसने 270 पैकी 222 जागा जिंकल्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाचे अवघे सात आमदार निवडून आले आणि तरीही त्या पक्षाचे दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. 2015 साली दिल्लीत आम आदमी पक्षाने 70 पैकी 67 जागा घेतल्या, तेव्हा तीन आमदारांच्या भाजपला हे पद दिले गेले. सातला आणि तिनाला जे मिळाले, ते विसांना का मिळू नये?

घाटकोपर पूर्व:

गिरगावकर साहेब, मांडणी नेटकी आहे, पण सोयीची उदाहरणे तेवढी निवडली आहेत. 2014 साली लोकसभेत काँग्रेसचे 44 आणि 2019 साली 52 खासदार होते. 55 चा आकडा गाठता आला नाही म्हणून दहा वर्षे लोकसभेला विरोधी पक्षनेता नव्हता. तिथे तो दंडक चालला, मग इथे अन्याय कसा? शिवाय हा दंडक भाजपने शोधून काढलेला नाही. पक्षांना मान्यता देण्याच्या या मोजपट्टीचा उगम पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष मावळणकर यांच्या निर्देशांपर्यंत जातो.

दुसरे असे की मतदाराने जो कौल दिला त्याचे परिणामही मतदाराने स्वीकारायचे असतात. महायुतीच्या तीन पक्षांना 230 जागा मिळाल्या. विरोधकांना एकत्रित ताकद दाखवायची होती तर त्यांनी एका चिन्हावर लढायचे होते. प्रचारात आघाडी, तिकिटांसाठी शेवटच्या दिवसापर्यंत भांडण आणि निकालानंतर मात्र तिघांची बेरीज करून पद द्या, असे कसे चालेल?

माहीमचा मतदार:

बेरजेचा विषय निघालाच आहे तर पूर्ण करू या. तीन विरोधी पक्षांना मिळून जवळपास 33.7 टक्के मते मिळाली, म्हणजे राज्यात दर तीन मतांमागे एक मत, आणि जागा 46, म्हणजे 16 टक्के. शरद पवारांच्या पक्षाला 11.28 टक्के मतांवर 10 जागा मिळाल्या आणि अजित पवारांच्या पक्षाला 9.01 टक्के मतांवर 41. पहिल्यांनी 86 ठिकाणी उमेदवार दिले होते आणि दुसऱ्यांनी 59 ठिकाणी, हे लक्षात घेतले तरी ही तफावत डोळे विस्फारणारी आहे.

पण ही पद्धत विरोधकांवरच उलटते असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्या माहीममध्ये ठाकरेंच्या शिवसेनेचे महेश सावंत 50,213 मते घेऊन जिंकले. शिंदेंच्या शिवसेनेचे सदा सरवणकर यांना 48,897 आणि मनसेच्या अमित ठाकरे यांना 33,062 मते पडली. म्हणजे जिंकलेल्या आमदाराच्या विरोधात या दोघांनाच मिळून सुमारे 82 हजार मते होती. ज्या विसांच्या जोरावर आपण पद मागत आहात, त्यांतला एक आमदार 1,316 मतांनी, तिरंगी लढतीच्या कृपेने आलेला आहे. लोकसभेला तर महाविकास आघाडी आणि महायुती यांची राज्यातली मते जवळपास सारखी होती आणि जागा मात्र 30 विरुद्ध 17. तेव्हा आघाडीच्या बाजूने कोणी मते आणि जागा यांचे प्रमाण मोजल्याचे मला आठवत नाही.

गिरगावकर:

माहीमकर, आपले आकडे मान्य आहेत आणि म्हणूनच मी मतांच्या टक्केवारीवर माझा मुद्दा उभा केलेला नाही. जागा ज्याच्या त्याला लखलाभ. अशा पद्धतीत मोठे बहुमत वारंवार येणारच, मग ते कोणाचेही असो, आणि नेमक्या अशा वेळी दहा टक्क्यांची अट लावली की सभागृहाला त्या पदाची सर्वाधिक गरज असतानाच ते नाहीसे होते. आणि हो, घाटकोपरकर, 2014 साली लोकसभेत 44 जणांच्या पक्षाला ते पद द्यायला हवे होते असेच माझे मत आहे.

निवृत्त कक्षाधिकारी:

मंत्रालयात नोकरी केलेला माणूस म्हणून कामकाजापुरते सांगतो, कारण चर्चा मानापमानाकडे झुकते आहे. विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, बंगला आणि गाडी मिळते. लोकांना तेवढेच दिसते. खरा फरक पडतो तो लहानसहान गोष्टींत. सभागृहात ते उभे राहिले की अध्यक्ष सहसा त्यांना बोलू देतात, कामकाज सल्लागार समितीत वेळेची वाटणी करताना त्यांचा शब्द वजनदार ठरतो, आणि अधिवेशनाच्या शेवटी जो अंतिम आठवडा प्रस्ताव येतो त्यात विरोधकांच्या वतीने सरकारचा एकत्रित हिशेब मागता येतो. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना, कोणताही आमदार लावू शकतो, पण तीन गटनेते तीन दिशांना ओढत असले की मंत्र्याला उत्तर देणे फार सोपे जाते. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57 हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, आल्या होत्या. त्या खातेनिहाय वाचून मुद्दे काढायला कोणाचे तरी कार्यालय लागते, एकट्या आमदाराच्या स्वीय सहायकाचे ते काम नव्हे.

एक बाब धाग्यात यायला हवी होती. माहितीचा अधिकार कायदा, 2005 यानुसार राज्य माहिती आयुक्तांची निवड करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री असतात. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला तसे मानावे, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. म्हणजे ही अडचण संसदेला वीस वर्षांपूर्वी सुचली होती आणि तिने एका वाक्यात ती सोडवलीही होती.

परळची रहिवासी:

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळीच शंका आहे: हे पद भरले गेले तरी आम्हाला मिळते काय? नारायण राणे विरोधी पक्षनेते होते, 2005 साली काँग्रेसमध्ये गेले आणि महसूलमंत्री झाले. 2014 साली एकनाथ शिंदे काही आठवडे विरोधी पक्षनेते होते, मग त्यांचा पक्षच सत्तेत गेला. त्यांच्यानंतरचे राधाकृष्ण विखे पाटील 2019 साली भाजपच्या सरकारात मंत्री झाले. जुलै 2023 मध्ये अजित पवार विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्रिपदावर गेले. 2024 च्या निकालानंतर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री झालेले तिघेही कधी ना कधी त्याच खुर्चीत बसलेले आहेत. फडणवीस यांचा मार्ग सरळ विरोधातून सत्तेचा होता, हे मान्य. बाकीच्यांसाठी ती खुर्ची म्हणजे सत्तेच्या फलाटावरचे बाकडे होते.

दुसरे उदाहरण ताजे आहे. जुलै 2025 मध्ये कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठीचे जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्याला सभागृहात ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. त्यांच्याकडे ना दर्जा होता ना गाडी. ज्या 46 जणांसाठी पद मागितले जाते, ते त्या दिवशी कुठे होते?

घाटकोपर पूर्व:

परळच्या ताईंशी पहिल्यांदाच शंभर टक्के सहमत आहे. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी चहापानावर बहिष्कार, पायऱ्यांवर फलक घेऊन घोषणा आणि महत्त्वाच्या विधेयकाच्या वेळी गुळमुळीत भाषण, याला विरोध म्हणत असाल तर त्यासाठी सरकारी बंगला कशाला हवा?

निवृत्त कक्षाधिकारी:

ताई, निकोले यांचे उदाहरण योग्य आहे, पण ते विधेयक आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले होते आणि त्या समितीत विरोधी पक्षांचे सदस्यही होते. समितीत बसून दुरुस्त्या सुचवल्यावर सभागृहात कडाडून विरोध करणे अवघड जाते. तिथे काय भूमिका घ्यायची हे तिन्ही पक्षांसाठी आधी ठरवणारे कोणी नव्हते, आणि गिरगावकर ज्या पदाबद्दल लिहीत आहेत त्याचे एक काम नेमके तेच असते. ते पद असते तर तसे घडलेच असते, अशी खात्री अर्थात मी देणार नाही.

गिरगावकर:

पद भूषवणारे पळाले म्हणून पदच रिकामे ठेवायचे, हा न्याय आपण मंत्रिपदांना कधी लावलेला नाही. उद्या दुसऱ्या आघाडीला 230 जागा मिळाल्या आणि भाजपचे 20 आमदार आले, तर त्यांच्या नेत्याला मान्यता द्या म्हणून मी याच ठिकाणी लिहीन. माझी मागणी भास्कर जाधवांपुरती नाही. 1978 च्या कायद्यात माहिती अधिकार कायद्यातल्यासारखे एक स्पष्टीकरण घालावे आणि मान्यतेच्या अर्जावर निर्णय देण्यासाठी अध्यक्षांना मुदत ठरवून द्यावी.

घाटकोपर पूर्व:

निर्णयाला मुदत हवी, एवढ्याला माझीही हरकत नाही. नाही म्हणायचे तर अध्यक्षांनी तसे लेखी, कारणांसह म्हणावे. पण दुरुस्तीसाठी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचे विधेयक, मांडायला ना मान्यता लागते ना 29 आमदार. आपले गिरगाव ज्या मतदारसंघात येते तिथले आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत, त्यामुळे आपली अडचण समजते. माहीमकरांनी मात्र आपल्या आमदारांना जरूर विचारावे.