पेजेवर दिवस काढलेत का? तोंडी लावायला काय होतं तेही लिहा

"पेजेवर मोठे झालो" असं आमच्या मालवणाकडे अभिमानाने सांगतात. परवा मुलीने विचारलं, "मग पणजोबा नुसत्या तांदळावर जगले?" मी अडखळलो. डोळ्यांसमोर पेजेचा वाडगा होता, पण त्याच्या शेजारी भाजलेला सुका बांगडा होता, खारातली कैरी होती, रात्री कुळथाची पिठी होती. म्हणून हा धागा. एकाच अन्नावर राहिला असाल तर लिहा, आणि तोंडी लावणं वगळू नका.

गुहागर, आता मुंबई
नोकरीच्या पहिल्या वर्षी खोलीवर एकटाच होतो. घरी पैसे पाठवायचे म्हणून दोन्ही वेळ पांढराशुभ्र तांदूळ आणि लोणचं. तांदूळ चार पाण्यांत धुवायचो, वर पेजही ओतून टाकायचो. पाचेक महिन्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, आधी रात्री, मग दिवसाही. एकदा जिन्यात चप्पल पायातून निसटली आणि मला दोन मजले कळलंच नाही.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "जेवता काय?" मग म्हणाले, बी-१ जीवनसत्त्व कमी पडलंय. बरंचसं कोंड्याबरोबर गिरणीतच गेलं, उरलेलं तुम्ही मोरीत ओतलंत. पुढे आइकमन या डच डॉक्टरांबद्दल वाचलं. जावा बेटावर सडीक तांदळावरच्या त्यांच्या कोंबड्या लुळ्या पडायच्या आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की उभ्या राहायच्या. बी-१ कमी पडल्याने होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचं कोडं तिथून सुटत गेलं. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र वाचताना ती चप्पल आठवत होती.

आईने उकडा तांदूळ पाठवला. टरफलासकट भात आधी उकडतात, मग वाळवून कांडतात, त्यामुळे कोंड्यातलं सत्त्व दाण्यात उतरतं. लहानपणी घरी हाच होता. शहरात आल्यावर त्याचा जाडा दाणा आणि वास नको म्हणून मीच सोडला होता. त्याचं अजून वाईट वाटतं.

हर्णै
आम्ही मासळीवर जगतो असं लोकांना वाटतं. नुसत्या मासळीवर मी एकदाच राहिलो. बोटीवर तांदळाच्या गोणीत खारं पाणी शिरलं, तीन दिवस उकडलेले मासे. पोट गच्च भरायचं, पण जाळं ओढायला अंगात त्राण नाही. चौथ्या दिवशी बंदराला लागल्यावर बोटीच्या तांडेलांनी, म्हणजे म्होरक्यांनी, सगळ्यांना आधी भात घातला. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत तर भातच असतो, आणि आगोटीला, म्हणजे पावसाआधी, भरून ठेवलेलं सुकट.

राजापूर
मे महिनाभर फणस. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, गरे, आठळ्या. झाड एकच, पण खाणं तीन तऱ्हेचं. तरी पंधरा दिवसांत पोरं भात मागतात.

कुडाळ
पिठी-भाताबद्दल एवढंच: तांदळात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी, तो कुळथात भरपूर. कुळथात जे कमी ते तांदळात. आज्यांना ही नावं ठाऊक नव्हती, पण ताट बरोबर होतं.

वेंगुर्ला
आजीचे दात गेले, तेव्हापासून दोन वर्षं मुख्य जेवण नाचण्याची आंबील. कॅल्शियम म्हणाल तर नाचण्याच्या पासंगाला तांदूळ पुरत नाही. पण आई आंबिलीत ताक घालायची, दुपारी कुळथाचं कळण गाळून द्यायची. वाटी परत करताना आजी रोज विचारायची, "आज सोलकढी नाय केलंस?"